गरोदरपण, कोरोना आणि दोन महिने उशिरा आलेली लस

ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथे वाचा. बोलले तसंच उतरवलंय, फक्त मधले मधले "म्हणजे ना" काढून टाकलेत. बरेचसे.

आजचा विषय एका मेसेजवरून आलाय. आपल्या अमळनेरच्याच एका श्रोत्या ताईने लिहिलं, "मला पाचवा महिना आहे. ताप आला की घरचे म्हणतात, अंगावर काढ, पोटात बाळ असताना गोळी नको, लस तर नकोच. कोरोनात गरोदर बायकांचं नेमकं काय झालं होतं गं?"

ताई, हा प्रश्न मला जवळचा आहे. सांगते.

मे 2021. माझी मावसबहीण सुरतला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा, म्हणून ती अमळनेरला आलेली. सातवा महिना. 1 मेपासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती. कोविन आठवतंय ना? ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब. आम्ही दोघी दोन फोन घेऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी स्लॉट लागला, केंद्रावर गेलो, रांगेत नंबर आला. सिस्टरने तिच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला देता येत नाही. वरून ऑर्डर आहे."

सिस्टर बरोबर होती. 16 जानेवारी 2021 ला देशात लसीकरण सुरू झालं, त्याच्या दोन दिवस आधीच केंद्राने राज्यांना कळवलं होतं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सध्या लस द्यायची नाही. लस धोक्याची ठरली होती म्हणून नाही. लशीच्या चाचण्यांमध्ये गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे माहिती नव्हती. माहिती नाही म्हणून परवानगी नाही. हे फक्त भारतात नाही, जगभर असंच चालतं. नव्या औषधाच्या चाचणीत गरोदर बाईला बाजूला ठेवतात. बाळाला काही होऊ नये म्हणून. हेतू चांगलाच. पण मग साथ येते, आणि विषाणू काही तिला बाजूला ठेवत नाही.

आता शरीरात काय होतं ते बघू. "गरोदर बाईची इम्युनिटी कमी असते" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते अर्धवट आहे. प्रतिकारशक्ती संपत नाही, तिचं वागणं बदलतं, कारण तिला पोटातल्या बाळाला परकं समजून हल्ला करायचा नसतो. पण श्वसनाच्या आजारात खरी अडचण जागेची आहे. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय वाढून छातीखालच्या पडद्याला वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती साधारण 20 टक्क्यांनी कमी होते. आणि ऑक्सिजनची गरज मात्र वाढते, कारण आता दोन जीव. म्हणजे टाकी लहान झाली आणि खर्च वाढला. त्यात न्यूमोनिया झाला की इतरांपेक्षा लवकर दम लागतो, आणि ती झपाट्याने खाली जाते. शिवाय गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेलीच असते, आणि कोरोनाही तेच करतो.

हे नवीन नाही बरं का. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेत एका डॉक्टरने 1,350 गरोदर रुग्णांची माहिती गोळा केली होती. त्यातल्या 27 टक्के दगावल्या. शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं की अशा साथीत पहिलं लक्ष कुणाकडे द्यायचं.

महाराष्ट्रातला आकडा सांगते. मुंबईचं नायर रुग्णालय, पालिकेचं. एप्रिल 2020 मध्ये ते कोरोनासाठी राखून ठेवलं गेलं आणि पॉझिटिव्ह गरोदर बायकांची बाळंतपणं तिथे व्हायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी आणि आयसीएमआरच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संस्थेने मिळून 'प्रेगकोविड' नावाची नोंदवही सुरू केली. पहिल्या लाटेतल्या 1,143 बायकांपैकी 0.7 टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेत, मेच्या मध्यापर्यंत, 387 पैकी 5.7 टक्के. टक्केवारी बाजूला ठेवा, माणसं मोजा. आधी 1,143 मध्ये 8, नंतर 387 मध्ये 22. लक्षणं असलेल्या बायकांचं प्रमाणही 14.2 वरून 28.7 टक्क्यांवर गेलं.

थांबा, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायच्या आधी एक गोष्ट. हे मोठं रुग्णालय आहे, तिथे जास्त आजारी बायकाच पाठवल्या जातात. घरीच बऱ्या झालेल्या त्यात मोजल्या गेल्या नाहीत. म्हणून "शंभरातल्या सहा गरोदर बायका मेल्या" असं म्हणायचं नाही. पण एकाच रुग्णालयातल्या दोन लाटांची तुलना केली, तर दुसरी लाट किती वाईट होती ते दिसतंच.

आता तारखा जुळवून बघा. दुसरी लाट मार्च ते मे 2021. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत लस घेतलेल्या 35 हजारांहून जास्त गरोदर बायकांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि त्यात काळजीचं काही दिसलं नाही. ब्रिटननेही एप्रिलमध्येच गरोदर बायकांना लस खुली केली. हे खरं की ती माहिती फायझर आणि मॉडर्नाची होती, आपल्याकडे कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. सरकारने सावध राहणं मला समजतं. पण मेमध्ये आपल्याच स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, फॉग्सी, म्हणत होती की द्या, धोक्यापेक्षा फायदा जास्त आहे. परवानगी आली 2 जुलैला. तोवर लाट ओसरली होती. या दोन महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, ते मी लपवणार नाही.

बहिणीकडे परत येते. मेच्या शेवटी तिला ताप आला. दोन दिवस घरात काढा, वाफ, हळदीचं दूध. तिसऱ्या दिवशी ऑक्सिमीटरवर 93. मावशी म्हणाली, "घाबरू नको व माय, माझ्याही बोटाला असंच दाखवतं." मावशीला दाखवत होतं 97. गरोदर बाईचा ऑक्सिजन 95 च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, कारण बाळाचा ऑक्सिजन तिच्या रक्तातूनच जातो. आमच्या ओळखीच्या आशाताई ओरडल्या म्हणून आम्ही हललो.

आणि इथे अमळनेरकरांचा नेहमीचा प्रश्न: जळगाव की धुळे? जिल्हा जळगाव, पण धुळे जवळ. रुग्णवाहिका, रेफरची चिठ्ठी, खाट, सगळं कागदावर जिल्ह्याच्या हद्दीने चालतं, दम मात्र किलोमीटरने मोजला जातो. आम्ही धुळ्याला गेलो. तिथे छातीचा एक्स-रे काढायचा म्हटल्यावर मावशीने हात जोडले, "बाळाला किरणं लागतील." डॉक्टरांनी समजावलं की छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत पोहोचणारी किरणं अगदी नगण्य असतात, न काढण्यात जास्त धोका. सहा दिवस ऑक्सिजन, डाव्या कुशीवर झोपवून. बाळ 36 व्या आठवड्यात झालं, थोडं लवकर. कोरोना झालेल्या मातांमध्ये वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं, हे पुढे जगभर दिसलं. मूल पोटातच दगावण्याचा धोकाही वाढलेला दिसला.

पोटातल्या बाळाला आईकडून संसर्ग होतो का? झाला, पण क्वचित. दूध पाजायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासूनच सांगितलं होतं: हो, मास्क लावून, हात धुऊन पाजा. तरी कित्येक घरांत बाळ आईपासून दूर ठेवून बाटली दिली गेली.

आता ताई, तुझ्यासाठी. ताप अंगावर काढू नकोस. पॅरासिटामॉल गरोदरपणात चालते, किती आणि कधी ते डॉक्टरांना विचार. ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा. आणि फ्लूची लस. महाराष्ट्रात 2015 पासून सरकारने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायकांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. पाचवा महिना म्हणजे तू त्यात बसतेस. साठा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून जायच्या आधी आशाताईंना फोन कर, ग्रामीण रुग्णालयात विचार. ती लस मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. आणि आईच्या शरीरात तयार झालेली संरक्षक द्रव्यं बाळाला मिळतात, त्याला पहिले काही महिने पुरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याच्याकडे तेवढंच असतं.

घरचे ऐकत नसतील तर हा भाग त्यांना ऐकव. मावशीचा किस्सा आधी लाव, तेवढा भाग सासूबाई नक्की ऐकतील.