वसंतातलं स्की टूरिंग : निघण्यापूर्वी

म्हणजे काय? डोंगर स्कीवरून चढायचा आणि स्कीवरूनच उतरायचा. लिफ्टवर भिस्त नाही.

हंगाम : आल्प्समध्ये साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. दिवस मोठा, उंचावरच्या हट (डोंगरातली मुक्कामाची घरं) उघड्या.

स्किन : स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. पूर्वी सीलच्या कातड्याची, आता मोहेर किंवा नायलॉनची. केस एकाच दिशेला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते, उतरताना बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत) अडकवलेली. माथ्यावर स्किन सोलून काढायची आणि जॅकेटच्या आत ठेवायची. गारठली की गोंद धरत नाही.

वेळ : रात्री गोठलेला बर्फ सकाळच्या उन्हात वरवर मऊ होतो. उतरायला सर्वांत चांगला तो तेव्हाच. दुपारी तोच ओला, जड होतो आणि निसटतो. म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी हट गाठतात.

हिमस्खलन :
- बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर.
- युरोपात धोक्याच्या पातळ्या 1 ते 5. पातळी 3 आकड्याने मधली, पण अर्थ ‘लक्षणीय धोका’.
- प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र, 457 किलोहर्ट्झ), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं. एकाकडे असून भागत नाही.

ओत रूट : फ्रान्समधलं शामोनी ते स्वित्झर्लंडमधलं झरमॅट. स्कीवरून प्रथम 1911 मध्ये. साधारण आठवड्याचा प्रवास; पहिल्या सुट्टीसाठी नव्हे.

नवख्यांसाठी : एकाच हटमध्ये मुक्काम, रोज वेगळा माथा, सोबत प्रमाणित गाइड. ऑस्ट्रियातल्या सिल्व्रेटा भागात अशी सोय आहे.