बाळंतपणाची रजा : कायदा काय देतो?
प्रसूती रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. 1961च्या कायद्याने दिलेला तो हक्क आहे. 2017च्या दुरुस्तीने ही भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. आधीची दोन मुले असतील तर मात्र 12च. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले हवे, त्यामुळे कंत्राटी कामगार बाईही पात्र ठरते. गर्भपात झाल्यास 6 आठवडे मिळतात, हे कितीतरी जणींना ठाऊकच नसते. वडिलांची बाजू फारच लंगडी : केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस, खासगी नोकरीत कायद्याचा आधारच नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. कुणी दबाव आणला तर राजीनामा लिहून देऊ नका, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.