मडक्याची खूण आणि शब्दप्रमाण : पर्यावरणविषयक प्रमाणचिन्हाच्या अर्जाचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या मार्गावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, वळसंग हे गाव आहे. हा टापू मराठी व कन्नड या दोन भाषांच्या संगमाचा. त्यात सोलापूरच्या विणकामाबरोबर आलेल्या पद्मशाली समाजामुळे तेलुगू ही तिसरी भाषाही येथील मागाभोवतीच्या व्यवहारात मिसळलेली आहे. अशा गावातील एखाद्या यंत्रमागधारकाने आपल्या टॉवेलाच्या वेष्टनावर ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द छापावयाचे ठरविले, असे उदाहरणादाखल गृहीत धरावे. त्यासाठी त्याला छपाईचा खर्च तेवढा सोसावा लागेल. परंतु त्याच टॉवेलावर मान्य संस्थेचे प्रमाणचिन्ह लावावयाचे झाल्यास अर्ज, कागदपत्रे, नमुन्यांची परीक्षा, प्रत्यक्ष पाहणी व शुल्क अशा अनेक पायऱ्या चढून जावे लागते, आणि एवढे करूनही मिळालेला अधिकार ठराविक मुदतीपुरताच असतो.

शब्द व चिन्ह या दोहोंचा वाच्यार्थ स्थूलमानाने एकच आहे. मग एक इतका स्वस्त आणि दुसरे इतके सायासाचे का? हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा वाटतो. वस्तुतः तो अर्थविचाराचा आहे. पर्यावरणविषयक प्रमाणचिन्ह हे वस्तूला लावलेले विशेषण नसून वस्तूविषयी केलेले विधान आहे, आणि अर्जाची प्रक्रिया म्हणजे सैल विशेषणाचे उत्तरदायी विधानात रूपांतर करण्याची रीत होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. ग्राहकाच्या हाती असलेली प्रमाणे

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. टॉवेल विकत घेणाऱ्याच्या स्थितीला ही चौकट चपखल लागू पडते. टॉवेलाचा मऊपणा, वजन, फाशांची दाटी ही त्याला प्रत्यक्षाने कळतात. ओले बोट फिरवून रंग सुटतो की नाही हे पाहिले, म्हणजे पुढे धुलाईत काय होईल याचे अनुमान करता येते. पूर्वी वापरलेल्या टॉवेलाशी तुलना करून साम्यही पारखता येते. परंतु सूत रंगविल्यानंतर उरलेले पाणी प्रक्रिया करून सोडले की तसेच ओढ्यात सोडले, या गोष्टीची कोणतीही निशाणी टॉवेलात उरत नाही. स्वच्छ रीतीने रंगविलेला व बेफिकिरीने रंगविलेला, असे दोन टॉवेल दुकानाच्या फळीवर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. येथे पहिली तीन प्रमाणे लटकी पडतात आणि ग्राहकाला केवळ शब्दावर विसंबावे लागते.

शब्द हे प्रमाण ठरण्यासाठी वक्ता आप्त असावा लागतो; म्हणजे त्याला विषयाचे यथार्थ ज्ञान असावे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी. उत्पादकाजवळ पहिली गोष्ट भरपूर असते. दुसरीविषयी मात्र शंका राहते, कारण त्याचा स्वार्थ विधानात गुंतलेला असतो. म्हणूनच विक्रेता व ग्राहक या दोघांहून भिन्न अशा तिसऱ्या वक्त्याची गरज निर्माण झाली. ‘प्रमाणपत्र’ या रूढ शब्दात ‘प्रमाण’ हे पद आहे, ते या दृष्टीने अत्यंत सार्थ होय.

३. चिन्हांची परंपरा आणि मडके

अशा तिसऱ्या वक्त्याची पहिली राष्ट्रीय योजना १९७८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत ‘निळा देवदूत’ या चिन्हाने सुरू झाली. १९८९ मध्ये उत्तर युरोपीय देशांचे हंसचिन्ह व १९९२ मध्ये युरोपीय समुदायाचे पुष्पचिन्ह आले. भारतात केंद्र शासनाने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली आणि तिच्यासाठी मातीच्या मडक्याची आकृती निवडली. मडके पुनःपुन्हा उपलब्ध होणाऱ्या मातीचे असते, ते घडविताना घातक कचरा उरत नाही व ऊर्जा थोडी लागते, असा त्या निवडीमागील विचार होता.

मराठी वाचकाला या खुणेत आणखी एक अर्थ जाणवेल. बाजारात मडके घेताना ते वाजवून घेतात. म्हणजे मडके ही प्रत्यक्ष प्रमाणाने पारखावयाची वस्तू आहे. परंतु टॉवेलावर छापलेले मडके वाजवून पाहता येत नाही. ते कोणीतरी आधीच वाजवून पाहिले आहे, एवढेच ते सांगते. कोणी, केव्हा व कशाने वाजविले, यावर त्या खुणेची सारी किंमत अवलंबून असते.

१९९१ च्या योजनेत वस्तूची गुणवत्ता व पर्यावरणाचे निकष अशा दोन्ही कसोट्या भारतीय मानक ब्यूरोमार्फत लावल्या जात. तथापि फारच थोड्या उत्पादकांनी हे चिन्ह घेतले. ग्राहकाला चिन्हाचा अर्थ ठाऊक नाही म्हणून उत्पादक ते घेत नाही, आणि ते वस्तूंवर दिसत नाही म्हणून ग्राहकाला त्याचा अर्थ कळत नाही, अशी ही कोंडी होती. चिन्ह व अर्थ यांचे नाते स्वाभाविक नसून संकेताने ठरलेले असते, हे भाषाशास्त्राचे मूलतत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते. वापरणारा समाज नसेल तर संकेत कागदावरच राहतो. २६ सप्टेंबर २०२४ च्या ‘इकोमार्क नियम, २०२४’ अन्वये जुन्या योजनेच्या जागी नवी व्यवस्था आली असून तिचा कारभार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सोपविण्यात आला आहे.

४. विशेषणांवर बंधने

‘हा टॉवेल पर्यावरणस्नेही आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते खोटे कशाने ठरेल हे सांगता येत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही ते खरेही ठरू शकत नाही. याउलट ‘या टॉवेलात फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण किलोग्रॅममागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही’ हे वाक्य एका परीक्षेने खोटे पाडता येते. म्हणूनच ते विधान आहे. ही मर्यादा ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ या १९९२ पासूनच्या प्रमाणपत्रात त्वचेशी संपर्क येणाऱ्या कापडासाठी घातलेली आहे.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने हा भेद आपल्या मानकांत स्पष्ट केला आहे. उत्पादकाच्या स्वयंघोषणेसंबंधीचे १४०२१ क्रमांकाचे मानक ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘प्रदूषणरहित’ अशा अर्थाचे मोघम शब्द वापरू नयेत असे सांगते. १४०२४ क्रमांकाचे मानक तिसऱ्या पक्षाने दिलेल्या चिन्हासंबंधी आहे. त्यात वस्तूच्या संपूर्ण जीवनक्रमाचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा, विचार अभिप्रेत आहे. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तदनुसार अशी विशेषणे पुरेशा खुलाशावाचून व पुराव्यावाचून वापरता येत नाहीत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशात याहून कडक निर्बंध असून त्यांच्या अंमलासाठी २७ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. निर्यातीचा टॉवेल विणणाऱ्यास त्याच्या वेष्टनावरील एक विशेषणही महाग पडू शकते, ते यामुळे.

बाजारातील ‘ॲझो-फ्री’ हा शब्दही या संदर्भात तपासण्याजोगा आहे. शब्दशः पाहता त्याचा अर्थ ‘ॲझो रंग मुळीच नसलेला’ असा होतो. प्रत्यक्षात ॲझो रंगांचा वर्ग फार मोठा असून त्यांतील बहुसंख्य रंगांना मनाई नाही. विघटन होऊन विशिष्ट घातक अमाइने निर्माण करणारे रंग तेवढे निषिद्ध आहेत. भारतात अशा ११२ रंगांवर १९९० च्या दशकातच बंदी आली. म्हणजे व्यापारी ज्याला विशेष गुण म्हणून मिरवितो, ते केवळ कायद्याचे पालन असते.

५. अर्ज : वळसंगच्या टॉवेलाचे उदाहरण

अर्जदाराने पहिल्याने ठरवावयाचे असते ते हे की, आपणास नेमके कोणते विधान करावयाचे आहे. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ तयार मालातील घातक द्रव्यांविषयी बोलते. रंगाईच्या सांडपाण्याविषयी बोलत नाही. सेंद्रिय कापडाचे ‘गॉट्स’ हे जागतिक मानक निदान ७० टक्के सेंद्रिय तंतूची अट घालते, आणि प्रक्रियेतील रसायने, सांडपाणी व कामगारांची स्थितीही तपासते. इकोमार्क व युरोपीय पुष्पचिन्ह यांची दृष्टी जीवनक्रमाची आहे. सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये मिळालेली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘पाण्याचे काय केले’ या प्रश्नाचे नव्हे. एका चिन्हाचा अर्थ दुसऱ्यावर लादणे हा अतिव्याप्तीचा दोष होय, आणि तो ग्राहकाप्रमाणेच अर्जदाराकडूनही घडतो.

विधान ठरले की वाक्याचे इतर घटक भरून काढावे लागतात. उद्देश्य कोणते? सारा कारखाना नव्हे, तर अमुक सुताचा, अमुक वजनाचा, अमुक रंगांचा टॉवेल. कर्ता कोण? येथे खरी अडचण सुरू होते. लहान यंत्रमागधारक सूत गिरणीकडून घेतो, ते दुसऱ्याकडून रंगवून आणतो आणि स्वतः केवळ विणतो. त्यामुळे त्याच्या विधानातील महत्त्वाच्या क्रियांचे कर्ते दुसरेच असतात, व त्या प्रत्येकाकडून लेखी घोषणा मिळवावी लागते. रंगाईच्या कारखान्याजवळ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतिपत्र हवे. रंग व रसायने पुरविणाऱ्याकडून प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा-माहितीपत्रक हवे. खरेदीची बिले, पाण्याचा व विजेचा हिशेब हवा. साखळीतील एक कडी बोलली नाही, तर सारे वाक्य अपुरे राहते.

इकोमार्कसाठी वस्तूजवळ प्रथम भारतीय मानक ब्यूरोचा परवाना किंवा अनुरूपतेचे प्रमाणपत्र असावे लागते. मग केंद्रीय मंडळाकडे अर्ज, छाननी व पडताळणी होऊन चिन्हाचा अधिकार ३ वर्षांसाठी मिळतो. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ चे प्रमाणपत्र एका वर्षाचे असते, व ‘गॉट्स’मध्येही पाहणी दरवर्षी होते. मुदत ही केवळ कार्यालयीन बाब नव्हे. विशेषणाला काळ नसतो, विधानाला असतो. मुदत हा प्रमाणचिन्हाच्या क्रियापदाचा काळ होय.

सेवांच्या बाबतीत हीच रीत थोड्या फरकाने लागू पडते. युरोपीय पुष्पचिन्ह पर्यटकांच्या निवासगृहांनाही मिळते. तेथे प्रयोगशाळेत धाडण्याजोगा नमुना नसतो. पाणी, वीज, कचरा यांच्या नोंदी आणि नित्याची वागणूक हाच पुरावा असतो.

६. मागावरची भाषा आणि अर्जाची भाषा

अर्जात रंगाचे आंतरराष्ट्रीय निर्देशांक व रासायनिक क्रमांक मागितले जातात. रंगाईच्या ठिकाणी तोच रंग डब्यावरच्या व्यापारी नावाने किंवा नुसत्या छटेने ओळखला जातो. सुताला देण्याच्या ‘खळी’त काय काय पडते हे कारागिराला अचूक ठाऊक असते, पण ते त्याच्या तोंडी मराठी, तेलुगू वा कन्नड शब्दांत असते, आणि अर्ज बहुधा इंग्रजीत भरावयाचा असतो. परिणामी मजकूर सल्लागार लिहितो व उत्पादक सही करतो. ज्याला ज्ञान आहे तो बोलत नाही आणि जो बोलतो त्याला ज्ञान नाही, अशी ही स्थिती आप्ततेच्या कल्पनेलाच छेद देणारी आहे. पाहणीच्या दिवशी परीक्षकाने कामगारास प्रश्न विचारला, की कागद व कारखाना यांतील हे अंतर उघडे पडते.

यात हानी दुहेरी आहे. ज्या लहान उत्पादकाचे काम खरोखर स्वच्छ आहे, त्याला ते मान्य भाषेत सांगता येत नाही म्हणून चिन्ह मिळत नाही. आणि बाजारात त्याचा टॉवेल बेफिकीर शेजाऱ्याच्या टॉवेलासारखाच ठरतो. मग स्वच्छ रंगाईचा जादा खर्च त्याने किती काळ सोसावा? अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर अखेर ओढ्याच्या व विहिरीच्या पाण्यातच उमटावयाचे.

७. समारोप

निकषांची मराठी, कन्नड व तेलुगू रूपे तयार करणे, आणि मागावरील शब्द व मानकातील संज्ञा यांचा मेळ घालणारी पदसूची सिद्ध करणे, हे काम रसायनशास्त्रज्ञाचे जितके, तितकेच भाषाभ्यासकाचेही आहे. अशी सूची केवळ कोशांवरून होणार नाही. ती रंगाईच्या हौदाजवळ उभे राहून, वस्तू दाखवून व नाव विचारून करावी लागेल. तसे झाल्यास अर्जावर सही करणाऱ्याला आपण कोणत्या विधानाखाली सही करीत आहोत हे वाचता येईल, आणि टॉवेलावरील मडके वाजवून घेतलेले आहे असे ग्राहकानेही मानावयास हरकत राहणार नाही.