हवेचे यंत्र आणि शेजारधर्म

मोटारदुरुस्तीच्या कोणत्याही लहानशा कारखान्यात पाऊल टाकले की, एका कोपऱ्यात लोखंडी टाकी, तिच्या पाठीवर पंप आणि शेजारी विजेची मोटार असे त्रिकूट दृष्टीस पडते. त्यास सर्वजण कॉम्प्रेसर म्हणतात. वायुसंपीडक असा भारदस्त शब्द कोशात आहे. परंतु तो एखाद्या मेस्त्रीपुढे उच्चारला, तर हातातला पाना खाली ठेवून तो आमच्या तोंडाकडे पाहत राहील. सबब आम्हीही कॉम्प्रेसरच म्हणू.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या घराच्या परसात, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी शेड घालून, मोटारदुरुस्तीचा धंदा सुरू करीत आहे. त्यासाठी त्याने कर्ज काढले आहे. कुंपणापलीकडच्या एका घरात दहावीला बसणारी मुलगी आहे, दुसऱ्यात अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध गृहस्थ. यंत्र अपुरे पडले तर काम अडणार, आणि फार ओरडू लागले तर शेजारी पंचायतीकडे अर्ज घेऊन जाणार. "सर, आवाज न करणारा कॉम्प्रेसर कोणता?" असे त्याने विचारले, तेव्हा कला शाखेचे पदवीधर असलेले आम्ही प्रथम बिचकलो. मग शाळेतील विज्ञानशिक्षकांस गाठले, माहितीपत्रके जमविली, दोन-तीन गॅरेजांत उभे राहून यंत्रे ऐकली. त्यातून जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडावे.

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. सायकलीच्या पंपात जसा दट्ट्या खालीवर होतो, तसाच तो येथेही होतो. वर जाताना हवा दाबून टाकीत ढकलतो, खाली येताना बाहेरची हवा ओढून घेतो. दाब ठरावीक मर्यादेस पोचला की मोटार आपोआप थांबते आणि उतरला की पुन्हा सुरू होते. दाबलेली हवा तापते, हे सायकलीचा पंप मारून त्याच्या बुडास हात लावणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे.

आवाज कोठून येतो, याविषयी बहुतेकांची समजूत चुकीची असते. लोक मोटारीकडे बोट दाखवितात. वस्तुतः मोठा वाटा असतो तो हवा आत ओढणाऱ्या तोंडाचा. दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यास तेथे हवेचा एक हिसका बसतो, आणि मिनिटाला हजारो हिसके मिळून तो भडभडाट होतो. त्यात झडपांची टकटक, पंख्याचा घोंगाट आणि रिकाम्या टाकीचे घुमणे मिसळते. याखेरीज यंत्राची थरथर जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून शेजाऱ्याच्या माजघरात शिरते.

ध्वनी मोजण्याचे माप डेसिबेल. हे माप फसवे आहे, कारण ते पट्टीवरील इंचांप्रमाणे सारख्या पावलांनी चढत नाही. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा भासतो. म्हणून ९० डेसिबेलचे यंत्र आणि ७० डेसिबेलचे यंत्र यांत "वीसाचाच फरक" असे म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. ती ऊर्जा शंभरपट आहे! उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबेल उतरतात. एक मीटरवर ९० असलेला आवाज आठ मीटरवर ७२ होईल, सोळा मीटरवर ६६. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात ती ५० व ४० आहे. म्हणजे ९० चे यंत्र उघड्यावर ठेवून वस्तीत धंदा करणे हे नियमात बसत नाही. ६५ चे यंत्र मात्र आठ मीटरवर ४७ पर्यंत उतरते. माहितीपत्रकातील आकडा किती अंतरावरून मोजला आहे, हे विचारल्यावाचून त्यास काही अर्थ नाही.

मग सर्वांत शांत यंत्र घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे वाचकांस वाटेल. तसे करता येत नाही. फ्रिजमधला जुना कॉम्प्रेसर जोडून केलेले यंत्र जवळजवळ ऐकू येत नाही. परंतु ते हवा इतकी थोडी देते की, त्यावर टायर भरावयास बसले तर गिऱ्हाईक जेवून परत यावे. म्हणून आवाजाआधी प्रश्न विचारावयाचा तो हवेचा: काम काय आहे, आणि त्याला मिनिटाला किती हवा लागते?

हवेचे माप सी.एफ.एम., म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनफूट सुमारे २८ लिटर. टायर भरण्यास फार हवा लागत नाही. चाकाचे नट सोडविणारी हवेची बंदूक सरासरी चार-पाच सी.एफ.एम. घेते, पण एकेका नटावर काही सेकंदच. पत्रा घासण्याचे यंत्र आणि रंगाची बंदूक ही खरी खादाड: आठ ते बारा सी.एफ.एम., आणि तेही न थांबता. येथे टाकीचा हिशेब करून पाहावा. १०० लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून ६ बारवर आला, की बाहेरच्या मापाने २०० लिटर हवा मिळते. घासण्याचे यंत्र मिनिटाला ३०० लिटर खाते आणि पंप २०० देतो असे धरले, तर तूट १०० लिटरची. दोन मिनिटांत टाकीची शिल्लक संपली! यापुढे कारागीर थांबणार आणि यंत्र मात्र अखंड ओरडत राहणार. चाकाचे नट सोडविणाऱ्यास हीच टाकी पुरून उरते. मोठी टाकी म्हणजे शांततेची मोठी विश्रांती, कारण मोटार कमी वेळा सुरू होते. पण मूळचा पंपच अपुरा असला तर टाकी कितीही मोठी असून उपयोग नाही.

विक्रेते एक गंमत करतात. दट्ट्या जेवढी जागा व्यापतो त्याचा आकडा ते ठळक छापतात. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी असते, आणि आपणांस हवा असतो तो हा दुसरा आकडा, तोही कामाच्या दाबावरचा. ढोबळ मानाने एका अश्वशक्तीमागे तीन ते चार सी.एफ.एम. धरावे. त्याहून फार मोठा आकडा दाखविला तर शंका घ्यावी.

आता प्रकार. मोटारीस थेट जोडलेले, मिनिटाला २,८०० फेरे मारणारे, तेल न लागणारे स्वस्त यंत्र सर्वांत जास्त ओरडते. त्याच जातीचे, परंतु १,४०० फेऱ्यांच्या मोटारीवरचे यंत्र बरेच सौम्य असते. दाताच्या दवाखान्यात आपण बोलत असताना कोपऱ्यात जे हलकेच गुरगुरते, ते याच कुळातले. तेथे तेल चालत नाही, कारण हवा रुग्णाच्या तोंडात जाते. तिसरे, पट्ट्यावर चालणारे, तेलाचे जुने वळणदार यंत्र. त्याचा पंप संथपणे फिरतो, म्हणून आवाज जाड असला तरी कर्कश नसतो, आणि तेल वेळेवर बदलल्यास वर्षानुवर्षे टिकते. स्क्रूचे यंत्र खरोखर शांत. मात्र एकट्या कारागिराच्या खिशास ते परवडणारे नाही. आमच्या विद्यार्थ्याचे काम टायर, नट आणि धूळ झाडणे एवढेच आहे, रंगकाम नाही. त्याला आम्ही दोन अश्वशक्तीचे, पट्ट्याचे, १०० लिटरहून मोठ्या टाकीचे यंत्र सुचविले. तेलविरहित शांत यंत्राची त्याला फार ओढ होती. परंतु त्याच्या दट्ट्याची कडी तेलाच्या यंत्राआधी झिजते, आणि कर्जाचे हप्ते त्यानंतरही चालू राहतात!

अर्थात पट्ट्याच्या यंत्राचा आवाज घरून, म्हणजे जागेच्या निवडीनेच, मारावा लागतो. हवा ओढण्याच्या तोंडास जाड रबरी नळी लावून, तिच्या टोकास गाळणी बसवून, ते तोंड शेजाऱ्याच्या उलट दिशेस न्यावे; या एकाच उपायाने पुष्कळ फरक पडतो. पायांखाली रबराचे जाड ठोकळे द्यावेत आणि टाकीपासून निघणारा पहिला हातभर भाग लवचीक नळीचा ठेवावा, म्हणजे थरथर पाइपात जात नाही. आपल्याकडे जांभ्या दगडाचा चिरा मुबलक. चिऱ्याची भिंत जड असल्याने आवाज चांगला अडविते, पत्रा अडवीत नाही. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याची कल्पना बरीच पसरली आहे. ते फार तर खोलीतला घुमारा किंचित कमी करतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज रोखीत नाहीत. मात्र यंत्र चारी बाजूंनी कोंडूही नये. मोटार जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सारी उष्णता होऊन खोलीत उतरते. दोन अश्वशक्तीचे यंत्र म्हणजे दीड किलोवॉटची शेगडीच. हवा खेळती ठेवण्यास वळणाचा मार्ग ठेवावा, कारण सरळ भोकातून आवाजही सरळच बाहेर येतो.

कोंकणात व गोव्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळ्यातील दमटपणा. आषाढातल्या हवेत एका घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम पाण्याची वाफ असते. हवा दाबून थंड झाली की तीतील बहुतेक वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. मिनिटाला २०० लिटर ओढणारे यंत्र तासभर चालले, तर पाव लिटरहून अधिक पाणी साचते. ते रोज खालची तोटी उघडून सोडले नाही, तर टाकी आतून गंजते. गंजलेली टाकी आठ बार दाबाखाली फुटणे म्हणजे काय, याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. सुरक्षा झडप कधीही बांधून ठेवू नये. हवेच्या मार्गास प्लास्टिकचा पांढरा पाण्याचा पाइप कदापि वापरू नये. तो फुटला की त्याच्या कपच्या गोळीसारख्या उडतात. आणि विद्यार्थ्यांनो, गंमत म्हणूनसुद्धा हवेचा झोत कोणाच्या अंगावर सोडू नका. तो शरीरात शिरून माणसाचा प्राण जाऊ शकतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. गळक्या जोडामुळे दाब उतरतो आणि मध्यरात्री यंत्र आपोआप सुरू होते. शेजाऱ्याची झोप बहुधा अशीच मोडते, दिवसाच्या कामाने नव्हे. संध्याकाळी टाकीची तोटी बंद करावी, मुख्य बटण बंद करावे आणि काट्यावरील दाब खडूने भिंतीवर लिहून ठेवावा. सकाळी काटा फार उतरलेला दिसला, तर एकेका जोडावर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील, तेथे पाना चालवावा.