पायाखालच्या मातीची जागेवरची परीक्षा

गृहकर्जाचे प्रकरण हाती आले की आपण बँकवाले कितीतरी गोष्टी बारकाईने पाहतो. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वकिलांचा शोध अहवाल, वास्तुविशारदाचे अंदाजपत्रक आणि अर्जदाराची परतफेडीची क्षमता. परंतु ज्या जमिनीवर ते घर उभे राहावयाचे, त्या जमिनीची भार पेलण्याची क्षमता किती, हा प्रश्न लहान घरांच्या बाबतीत क्वचितच विचारला जातो. मीही तो विचारीत नसे. मराठवाड्यातील एका शाखेत असताना एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या नव्या घराच्या भिंतींना दुसऱ्याच पावसाळ्यानंतर तिरक्या भेगा पडल्या. ते पासबुक घेऊन शाखेत आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हप्ता चुकवणार नाही, पण घर राहील ना?" उत्तर देण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नव्हते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ते मिळविण्यासाठी अभियंत्यांना विचारून, वाचून जे समजले, ते येथे मांडीत आहे.

मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन तपासता येत असताना जागेवर चाचणी कशाला, अशी शंका प्रथम मनात येते. गाडग्यात लागलेले दही चमच्याने काढून वाटीत घेतले की त्याची घट्ट वडी मोडते आणि पाणी सुटते. तेच दही, पण पूर्वीची घडण राहत नाही. मऊ चिकणमातीचे असेच होते, आणि भुसभुशीत वाळूचा नमुना तर मूळ रचनेसह वर काढणे जवळजवळ अशक्यच. म्हणून माती जिथे आहे तिथेच, तिच्यावरील थरांचा दाब व भूजल कायम ठेवून, तिला विचारावे लागते.

आपल्या देशात सर्वांत अधिक प्रचलित असलेली चाचणी म्हणजे प्रमाणित भेदन चाचणी, अभियंत्यांच्या बोलीत एस.पी.टी. तिची कृती भारतीय मानक आय.एस. २१३१ मध्ये दिली आहे. जमिनीत विंधन करून ठरावीक खोली गाठतात. सळ्यांच्या टोकाला सुमारे ५० मि.मी. बाह्य व्यासाची, उभी दोन फाकांत उघडणारी पोलादी नळी बसवून तळाशी टेकवितात. वरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सें.मी. उंचीवरून पुनःपुन्हा सोडतात. नळी १५-१५ सें.मी.च्या तीन टप्प्यांत एकूण ४५ सें.मी. आत जाईपर्यंत घाव मोजले जातात. पहिल्या टप्प्यातील घाव सोडून देतात, कारण विंधनामुळे तेथील माती विस्कळीत झालेली असते. उरलेल्या ३० सें.मी.ला लागलेल्या घावांची बेरीज म्हणजे 'एन' मूल्य. वाळूत हे मूल्य १० च्या खाली असल्यास थर सैल, ३० च्या वर असल्यास घट्ट. चिकणमातीत ४ च्या खाली असल्यास ती मऊ समजतात. नळी उघडली की मातीचा नमुनाही हाती येतो, हा आणखी एक लाभ. मात्र हा आकडा जसाच्या तसा वापरीत नाहीत. खोलीनुसार वरच्या थरांच्या दाबाची, तसेच भूजलाखालील बारीक वाळूसाठी दुरुस्ती करावी लागते. हातोडा पूर्ण उंचीवरून पडला का, घाव खरोखर मोजले का, हे पाहणारा माणूस जागेवर हजर नसेल, तर वहीतील आकड्यांना अर्थ उरत नाही.

अन्य चाचण्याही आहेत. ६० अंशांच्या टोकाचा शंकू संथ गतीने दाबीत नेऊन विरोध मोजणारी शंकू चाचणी नेदरलंड्समध्ये विकसित झाली. मऊ चिकणमातीत चार पात्यांची फिरकी रोवून ती पिळण्यास लागणारे बळ मोजतात. सामान्य माणसास सर्वांत पटणारी चाचणी म्हणजे पट्टभार चाचणी (आय.एस. १८८८). खड्ड्याच्या तळाशी ३० ते ७५ सें.मी.ची पोलादी पट्टी ठेवून तिच्यावर भार वाढवीत जायचे आणि ती किती खचते ते पाहायचे. डोळ्यांदेखत होणारी ही परीक्षा फसवीही ठरू शकते.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने प्रचंड धान्यकोठार बांधले. बांधण्यापूर्वी पायाच्या पातळीवर भारचाचणी झाली आणि निष्कर्ष समाधानकारक आले. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी सुमारे ८,७५,००० बुशेल गहू भरलेला असताना कोठार तासाभरात सुमारे ३० सें.मी. खचले आणि दिवसभरात जवळजवळ २७ अंशांनी कलंडले. पट्टीचा दाब तिच्या रुंदीच्या सुमारे दुपटीइतक्या खोलीपर्यंतच जाणवतो. तेवढ्यात वरचा कडक थर पुरेसा होता. कोठाराचा पाया मात्र सुमारे २३ मीटर रुंद, त्याचा दाब खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोहोचला. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे विंधने घेतल्यावर हे स्पष्ट झाले. कोठार स्वतः अभंग होते. खडकापर्यंत खांब उतरवून ते सरळ करण्यात आले व पुन्हा वापरात आले. असे भाग्य सर्वांचे नसते.

भूकंपप्रवण भागात आणखी एक धोका असतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कांडला बंदरावरील २२ मीटर उंच बंदर व सीमाशुल्क मनोरा पाइलच्या पायावर उभा असूनही कलला. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्याने काही काळ द्रवासारखी वागते. असा थर कोठे आहे, याची पहिली सूचना 'एन' मूल्यच देते.

आता त्या शिक्षकांच्या घराकडे येतो. खोदकाम एप्रिलमध्ये झाले होते. कंत्राटदाराने पहार मारून दाखविली, ती उडाली, आणि "दगडासारखी जमीन आहे, गुरुजी" असे सांगून अडीच-तीन फुटांवर पाया घेतला. ती काळी माती होती. उन्हाळ्यात तिची खरोखरच दगडी ढेप होते, तेव्हा 'एन' मूल्यही चांगले येऊ शकते. पावसात तीच माती फुगते, उन्हात पुन्हा आकसते, आणि घराचा एक कोपरा उचलला जाऊन दुसरा बसतो. येथे केवळ जागेवरची चाचणी पुरत नाही, प्रयोगशाळेतील फुगवण चाचणीही हवी. दोहोंचा अहवाल हाती असता, तर अभियंत्याने पाया खालच्या मुरमापर्यंत नेला असता किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल सुचविले असते.

घर बांधणाऱ्या ग्राहकांनी अहवाल मागताना, आणि आम्ही कर्मचाऱ्यांनी तो वाचताना, प्रथम विंधनाचे ठिकाण नकाशाशी ताडून पाहावे. शेजारच्या प्लॉटचा अहवाल चालत नाही. विंधन पायाच्या रुंदीच्या किमान दीडपट खाली गेले का, भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात नोंदविली, हेही पाहावे. मे महिन्यातील पातळी श्रावणात खरी राहत नाही. शिफारस केलेली भारक्षमता माती ढासळण्याच्या व खचण्याच्या अशा दोन्ही हिशेबांतून काढून त्यांतील कमी आकडा घेतला आहे ना, हे अभियंत्यास नि:संकोच विचारावे. दुमजली घरासाठी हा खर्च बांधकामाच्या मानाने अल्पच असतो. खरे म्हणजे आपण स्वयंपाकघराच्या फरश्यांवर याहून अधिक वाद घालतो.

गुरुजींच्या घराभोवती आता पाणी मुरू नये म्हणून रुंद फरसबंदी केली आहे आणि भिंतीलगतची दोन झाडे काढली आहेत. भेगा वाढतात का हे पाहण्यासाठी अभियंत्याने त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटविल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतील एक तडकली, बाकीच्या शाबूत आहेत.