उत्तेजक चाचणी: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तेजक चाचणीत खेळाडूच्या लघवीच्या, कधी रक्ताच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य किंवा त्याचे अवशेष शोधले जातात. बंदीची यादी १९९९ मध्ये स्थापन झालेली जागतिक संस्था ‘वाडा’ ठरवते. भारतात २००५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था ‘नाडा’ नमुने घेते. खेळाडूने स्वतः निवडलेल्या संचातल्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत नमुना विभागतात. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. या व्यवस्थेला काही जण अचूक मानतात आणि काही जण निव्वळ देखावा. दोन्ही समज चुकीचे आहेत.

चुकून पोटात गेलेल्या औषधासाठी शिक्षा होत नाही, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला, सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेदरम्यान घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन सापडले. खोकल्याच्या अनेक औषधांत ते असते, आणि ते अजाणता घेतले गेले हे क्रिकेट नियामक मंडळानेही मान्य केले. तरी आठ महिन्यांची बंदी आली. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियमाचा पाया आहे. हेतू पाहिला जातो तो शिक्षा किती द्यायची हे ठरवताना.

या प्रकरणाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. बंदी १६ मार्चपासून लागू धरली गेली आणि १५ नोव्हेंबरला संपली, पण घोषणा झाली ३० जुलैला. मधल्या काळात शॉ आयपीएल खेळून मोकळा झाला होता. चाचणी, आरोप आणि निकाल हे सारे तेव्हा मंडळाच्याच हातात होते. आपल्याच खेळाडूचा न्याय आपणच करण्याची ही सोय फार दिवस टिकणारी नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने नाडाची चाचणी स्वीकारली. चाचणी किती विश्वासार्ह आहे, हे यंत्राइतकेच ती कोणाच्या हातात आहे यावर ठरते.

‘कोणीतरी जेवणात कालवले’ एवढे म्हटले की सुटका होते, असेही अनेकांना वाटते. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला मुंबईचा मल्ल नरसिंग यादव याच्या २०१६ मधल्या प्रकरणाने हा समज खोडला. २५ जूनच्या नमुन्यात मेथेंडिनोन हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड सापडले. नरसिंगने घातपाताचा दावा केला. नाडाच्या शिस्तपालन समितीने तो मानला आणि १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवले. तो रिओ ऑलिंपिकला पोहोचला. पण वाडा क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. लवादापुढे आलेल्या तज्ज्ञ मतानुसार नमुन्यातले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा तोंडाने घेतलेल्या गोळ्यांशी जुळणारे होते. घातपाताची शक्यता नियम नाकारत नाही, मात्र ती सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो.

याच्या उलट समज असा, की चाचणीत काही निघाले नाही म्हणजे खेळाडू स्वच्छ. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने आपल्या असंख्य चाचण्यांचा दाखला वर्षानुवर्षे दिला. २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही जेतेपदे गेली, ती प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. काही द्रव्ये शरीरातून लवकर निघून जातात. डोस आणि वेळ साधणाऱ्याला एक दिवसाची चाचणी सहज चुकवता येते. म्हणूनच स्पर्धेबाहेर, न सांगता नमुने घेतले जातात. वरच्या फळीच्या खेळाडूंना आपला ठावठिकाणा आधी कळवावा लागतो आणि बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर तोही गुन्हा ठरतो. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकचे नमुने नव्या तंत्राने पुन्हा तपासले, तेव्हा शंभराहून अधिक खेळाडू सापडले. आज निसटलेला उद्याही निसटेल याची खात्री नाही, हीच चाचणीची खरी ताकद आहे.

प्रयोगशाळेचा शब्द अंतिम असतो, असे मानणेही भाबडेपणाचे. मणिपूरची भारोत्तोलक संजिता चानू हिच्यावर २०१८ मध्ये टेस्टोस्टेरॉनचा ठपका आला. कागदपत्रांतल्या नमुना क्रमांकांचा मेळ बसेना, आणि २०२० मध्ये आरोप मागे घेतला गेला. दिल्लीतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यताही वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली होती. ती परत मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. ‘ब’ बाटली आणि अपील या तरतुदी अशाच चुकांसाठी आहेत.

भारताचे आकडे पाहून ‘आपले सगळेच घेतात’ म्हणणारेही घाई करतात. २०२३ मध्ये भारतातल्या साडेपाच हजारांहून अधिक नमुन्यांपैकी ३.८ टक्क्यांत बंदी असलेले द्रव्य आढळले. जागतिक प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. हे भूषणावह नाही. पण नमुना सदोष निघणे आणि दोष सिद्ध होणे वेगळे. वैद्यकीय सवलत असलेल्यांचे नमुनेही त्या मोजणीत येतात.

मग सर्वांनाच मोकळीक द्यावी, हा युक्तिवाद समानतेचा वाटतो, पण त्यातून डोस वाढवण्याची चढाओढ उरते. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये मोंट व्हेंतूच्या चढावर सायकलपटू टॉम सिम्पसन मरण पावला, तेव्हा त्याच्या शरीरात अँफेटामाइन होते. स्टेरॉइडमुळे यकृत, हृदय आणि संप्रेरकांवर होणारे परिणाम पदकाबरोबर संपत नाहीत.

राहिला ‘हे मोठ्या स्टेडियमचे प्रकरण’ हा समज. अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातल्या जत्रेच्या कुस्त्यांत किंवा गावच्या कबड्डी स्पर्धेत नमुना घ्यायला कोणी येत नाही. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी असलेल्या वऱ्हाडात तालमीची परंपरा जुनी आहे, चाचणीची ओळख मात्र नवी. इथल्या मुलाची पहिली चाचणी बहुधा राष्ट्रीय पातळीवर होते. जिममध्ये कोणी सुचवलेल्या डब्यातली पावडर तोवर अंगवळणी पडलेली असते. डब्यावर न छापलेले स्टेरॉइड आत निघाल्याची प्रकरणे जगभर घडली आहेत, आणि तिथेही जबाबदारी खेळाडूचीच. औषधाच्या बाबतीत ब्रँडचे नाव पाहून उपयोग नाही. यादी घटकद्रव्यांची असते. दम्यासाठी सालब्युटामॉलचा पंप चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, आठ तासांत मात्र ६०० च्या वर नाही. टर्ब्युटलिनला अशी मुभा नाही. उपचारासाठी ते आवश्यकच असेल, तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह सवलतीचा अर्ज करावा लागतो, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूसाठी तो नाडाकडे जातो.