एक कार्ड, अनेक वाचक

गेल्या सुटींत एका विद्यार्थ्यानें घरच्या दूरचित्रवाणीस जोडलेल्या मीडिया सेंटरमधील कार्ड काढून वडिलांच्या विंडोज संगणकांत घातलें. त्या कार्डावर त्याच्या आजीनें गाइलेल्या जात्यावरच्या ओव्या सांठविल्या होत्या. आजी आतां हयात नाहीं. पडद्यावर तत्काळ सूचना उमटली कीं, हें वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावें लागेल, करावें काय? मुलगा 'होय' म्हणणार, तोंच वडिलांनीं त्याचा हात धरिला. ओव्या वांचल्या.

कार्ड बिघडलें नव्हतें, रिकामेंही नव्हतें. मग संगणकास तें कां वाचतां आलें नाहीं? पुष्कळ घरांत पणजोबांच्या वेळचीं मोडी कागदपत्रें असतात. भाषा मराठीच; परंतु केवळ बाळबोध शिकलेल्या मुलास त्यांतील एक अक्षरही लागत नाहीं. म्हणून कांहीं तो कागद कोरा ठरत नाहीं. कार्डावर कोणती वस्तु कोठें ठेविली, याची नोंद करण्याच्या पद्धतीस फाइल सिस्टिम म्हणतात. ती जणूं कार्डाची लिपि होय.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारें लिब्रेइलेक हें मीडिया सेंटर आपल्या कार्डाचे दोन भाग करितें. यंत्र सुरू करणारा लहान भाग फॅट पद्धतीचा असतो, तर गाणीं व चित्रपट सांठविणारा मोठा भाग लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीचा. विंडोज व मॅक यांस पहिला भाग वाचतां येतो. दुसरा स्वतःहून वाचतां येत नाहीं. अशा वेळीं फॉरमॅट करणें म्हणजे जुनी नोंदवही फाडून तिच्या जागीं कोरी वही ठेवणें होय.

यावर उपाय सोपा आहे. मीडिया सेंटरचें मूळ कार्ड जसें आहे तसेंच राहूं द्यावें. गाण्यांकरितां दुसरें कार्ड किंवा पेनड्राइव्ह घ्यावा व तो रिकामा असतांनाच एक्सफॅट पद्धतीनें फॉरमॅट करावा. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं काढलेल्या या पद्धतीचे नियम २०१९ सालीं सर्वांस खुले झाले. त्याच वर्षीं लिनक्सनेंही तिचा स्वीकार केला. आज विंडोज, मॅक व लिनक्स हे तिघेही ती वाचतात व तींत लिहितात. जुनी फॅट-३२ पद्धतिही सर्वांस कळते. परंतु तींत ४ जीबी अगर त्याहून मोठी एक फाइल मावत नाहीं. विंडोजची एनटीएफएस पद्धति मॅक वाचतो, पण स्वतःहून तींत लिहीत नाहीं.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. फाइलच्या नांवांत प्रश्नचिन्ह किंवा तारका नसावी. लिनक्सला तीं चालतात, एक्सफॅटला चालत नाहींत. तसेंच 'इजेक्ट' केल्यावांचून कार्ड उपटूं नये. लिहिणें अपुरें राहिल्यास नोंद बिघडते.

त्या मुलानें पुढें कार्ड पुन्हां मीडिया सेंटरमध्यें घालून घरच्या नेटवर्कवरून ओव्या संगणकावर उतरविल्या, आणि तेथून एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर. आतां त्या दोन-तीन ठिकाणीं आहेत. विद्यार्थिमित्रांनो, जें आपणांस वाचतां येत नाहीं तें रिकामें आहे, असें मानण्याची घाई करूं नका. आधीं 'नाहीं' म्हणा. मग तें वाचणारा शोधा.